बाबा राहताहेत तोवर

दि. ९ जून

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. उशिराबद्दल रागावू नकोस. शाळा सुरू व्हायच्या आहेत आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या पँटी एकदमच आखूड झाल्यात. मशीनवरून उठायला फुरसत नाही.

बाबांचं ठीक चाललंय. जेवण कमी, कुरकुर जास्त. तू त्यांना तुझ्याकडे न्यायचं म्हणतोस. मागच्या वेळी मी लिहिलं की जिना झेपणार नाही. त्याआधी लिहिलं होतं की प्रवास लांबचा. तू दोन्ही वेळा ऐकून घेतलंस.

खाली राहणारे घरमालक रोज सकाळी जिन्यापाशी उभे असतात. "काय म्हणतात बाबा? रात्री खोकत होते वाटतं?" पोटच्या मुलाने करावी तशी चौकशी. परवा सफरचंदं आणून दिली. माणूस वाईट नाही रे. करार संपला तेव्हा नवं भाडं सांगायला आला, तर माझ्याकडे न बघताच बोलला. जुन्याच्या तिप्पट. शेजारच्या इमारतीत तेवढंच घेतात, हेही खरं. पण मी महिनाभर मान मोडून शिवलं तरी तेवढे हातात येत नाहीत.

माझ्याकडे कोट सैल करून घ्यायला एक वकीलबाई येतात. बाबा इथून हलले की घर जाईल अशी भीती मला आधीपासूनच होती, म्हणून मागच्या आठवड्यात त्यांना कराराचे कागद दाखवले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाई म्हणाल्या, "करार यांच्या नावावर आहे, आणि इतक्या वयाच्या भाडेकरूला कायद्याचं संरक्षण असतं. संपला असला तरी हे इथं राहताहेत तोवर मालकाला भाडं वाढवता येणार नाही, बाहेरही काढता येणार नाही. हे इथून गेले, कुठेही गेले, की तो हक्क संपला. मुलीला तो मिळत नाही."

तर असं आहे. जिन्याचं तुला लिहिलं ते खोटं होतं. डॉक्टर म्हणाले होते, खुर्चीत बसवून उतरवा, गाडीत आडवं करा, काही होत नाही.

आणि बाबांना यायचंच होतं. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हापासून जेवण झालं की बूट घालायला लावायचे आणि खाटेवर बसून राहायचे. "आला का धाकटा?" मी बूट काढून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

वकीलबाई येऊन गेल्या आणि बूट मागणं बंद झालं. मीच विचारलं तर म्हणाले, "कपाटात टाक. मला इथंच बरं वाटतं. त्याच्याकडे कोण ओळखीचं आहे?" मला वाटलं होतं, झोपलेत. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

खरं सांगू? मला हायसं वाटलं. चार दिवस मी अगदी निवांत मशीन चालवलं.

काल औषध देताना त्यांनी माझं मनगट धरलं. "घाबरू नकोस. मी अजून दोन वर्षं काढतो बघ. तोवर तू काहीतरी बघ." आधाराशिवाय उठून बसवत नाही त्यांना, आणि माझ्या भाड्यासाठी जगायचं म्हणतात.

रविवारी गाडी घेऊन ये. मलाही चल म्हणशील. नको. तुझ्या दोन खोल्यांत बाबांची खाट मावेल, माझं मशीन मावणार नाही, आणि माझी गिऱ्हाइकं इथली आहेत. करीन काहीतरी.

बाबा सहजी तयार व्हायचे नाहीत. त्यांना सांग, ताईने जागा बघितली आहे, भाडं परवडतंय, मशीनला उजेड चांगला आहे. उजेडाचं विसरू नकोस, ते पहिलं तेच विचारतील. कुठे आहे म्हणाले तर खुशाल थाप मार, लहानपणापासून तुला ते चांगलं जमतं. मला त्यांच्या तोंडावर जमणार नाही.

बूट पुसून खाटेखाली ठेवले आहेत.

तुझी,
अजून याच पत्त्यावरची,
ताई