नाताळची पहिली पंगत

रविवार, ३ डिसेंबर १९४४

उपासनेची घंटा ऐकली. गेलो नाही — जन्मात पहिल्यांदा!

आमच्या ख्रिस्ती देवळाच्या परांचीवरून पडलो त्याला आज सोळा दिवस. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, कंबर धरलेली. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, जानेवारी अखेरपर्यंत पडून राहा. उताणा पडलो की आढ्याचे सत्तावीस वासे दिसतात. चौथा वाकडा आहे. मीच बसवलेला. अकरा वर्षं दिसला नाही, आता दिवसभर तोच.

सोमवार, ४

बायकोला, अंजनाला, मी उचलवत नाही. तिने मला न विचारता मांगवाड्यातल्या कोंडीबाला बोलावलं. दोरखंड वळणारा माणूस, हात राकट. सकाळ-संध्याकाळ येतो, भांड्यावर बसवतो, धुतो, पुसतो. मी डोळे मिटून घेतो.

आमच्याच मंडळीतला, बाप्तिस्मा घेतलेला. पण आमचे वाडवडील महारवाड्यातले, त्याचे मांगवाड्यातले. म्हणून नाताळच्या जेवणाला दोन पंगती — आधी आमची, मग त्यांची. मंडळीचा पंच म्हणून तो ठराव मीच लिहिला. 'गर्दी टाळण्यासाठी' असं कारण घातलं. अक्षर सुरेख आलं आहे.

शनिवार, ९

नाताळचा संदेश पाळकसाहेबांनी माझ्याकडेच ठेवला. खुर्चीत घालून नेतील. विषय — देवाचं माणूस होणं. चौथीत शाळा सुटली, पण या विषयावर अख्ख्या सातारा जिल्ह्यात कुणी माझ्यापुढे बोलून दाखवावं! एकवीस पानं झाली. देव आपल्यात राहायला आला, म्हणून आपली एकमेकांशी सहभागिता, म्हणून आनंद. सांधे चोख.

'आनंद' दोनदा अधोरेखित केला. वाचताना तिथेच अडखळतो.

गुरुवार, १४

कोंडीबा अंग पुसताना म्हणाला, "मेस्त्री, रोज काय लिवताय?" सांगितलं. हसला. "म्हंजी देवाला बी कुणीतरी उचललं आसंल. ढुंगान धुतलं आसंल."

"कोंडीबा!"

"आवं, लेकरू झाला न्हवं? का नुसतं सोंग?"

मनातल्या मनात पानं उलटली. एकवीस पानांत देव खाली आला, राहिला, बोलला — कुणाच्या हातात म्हणून कुठे पडला नाही.

जाता जाता म्हणतो, "त्यो काय तुमच्यावानी डोळं मिटून घेत नसंल."

शुक्रवार, १५

अंजनाने कोंडीबापुढे चहा ठेवला. आमच्या कपात. मी वाशाकडे पाहत राहिलो. तो म्हणाला, "ठरावात बसतंय का इचारा मेस्त्रीला." कप तसाच राहिला.

बुधवार, २०

बाविसावं पान लिहिलं — देव माणसांच्या हाती आला, उचलला गेला, धुतला गेला. हे कोंडीबाचं, असं लिहिलं नाही.

रविवार, २४

दुसरे पंच भाऊसो आले. धीर करून म्हटलं, यंदा एकच पंगत करू.

"ठराव तुझा. आता पाय मोडला म्हणून आमी मोडायचा व्हय? निम्मी माणसं उठून जातील, गड्या."

तावातावाने उठून जाण्याचीही सोय नाही!

सोमवार, २५. नाताळ

संदेश दिला. बावीसही पानं. वाहवा झाली.

मग खुर्चीसकट मला पहिल्या पंगतीत ठेवलं, पाय स्टुलावर. ज्यांनी उचलून आणलं ते कोंडीबा आणि त्याचा भाऊ बाहेर लिंबाखाली उभे. पत्रावळीवर भात पडला. प्रार्थना झाली. सगळे जेवू लागले. माझा हात उठेना. शेवटी हाक मारली.

कोंडीबा धावत आला, कानाशी वाकला. "भांडं आणू?"

"नको. उचल. लिंबाखाली ने."

"तितं जेवान उशिरा मिळतंय, मेस्त्री."

"थांबतो."

भाऊसो बघत होते. सगळेच बघत होते. कोंडीबाने उचललं. डोळे मिटायचे राहून गेले.

भात गार मिळाला. तीनदा मागून घेतला!