अळूच्या बादलीतली वात

नागपूर, रविवार

तीर्थरूप अण्णा,

वाकून नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. अपूर्वची परीक्षा संपली, आणि आमच्या गॅलरीतल्या वांग्यांना फुलं आली. तुमचा गुडघा कसा आहे?

काल तुमच्या शेजारच्या सुमेधावहिनींचा फोन आला. मी पडवीत लावून दिलेल्या बादल्यांमधली मिरची पिवळी पडली म्हणे. मला नवल वाटलं, कारण त्यांच्या तळाशी पाणी साठतं आणि सुती वातीतून आपोआप मुळांपर्यंत चढतं. आठवड्यातून एकदा तळ भरला की पुरतं. मग वहिनी हसायलाच लागल्या. "अगं वैजू, अण्णा रोज वरूनही घालतात. हटकलं तर म्हणाले, वातीवर दिवा जळतो, झाड कसं जगेल?"

मीही हसले. पण ते पाणी तुम्ही पाखाडी उतरून विहिरीवरून आणता हे ऐकलं आणि हसू थांबलं. जांभ्याच्या त्या पायऱ्यांवर केवढं शेवाळ असतं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी काय बजावलंय, विसरलात का?

नंतर वाटलं, झाडांना पाणी घातल्याशिवाय तुम्हाला सकाळचा चहा गोड लागत नाही. तुमचे पाय वाचवायच्या नादात मी तुमची सकाळच काढून घेतली.

म्हणून असं करा. मिरचीला वरून पाणी नको. अळूच्या बादलीतली वात मात्र काढून टाका, म्हणजे त्याला रोज तुमच्या हातचंच पाणी लागेल. फक्त ते अंगणातल्या नळाचं घाला. तुम्हाला त्याची चव आवडत नाही, पण अळू तक्रार करणार नाही.

तुमची,
वैजू