सगळ्या वारांचे उपास

आत्याबाई, आज सकाळी शेजारची नवी बाळंतीण माझ्या पाया पडून गेली, आणि तेव्हापासून तुम्ही डोळ्यांपुढून हलत नाही. सासू म्हणून तुम्ही मला बारा-तेरा वर्षंच लाभलात, आणि तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तुम्हाला वाचायला येत नव्हतंच, तेव्हा हे कुठं धाडायचा प्रश्न नाही. पण मनातलं तुमच्यापाशी बोलायची सवय अजून सुटत नाही बघा.

माझं पहिलं बाळंतपण आठवतं? इंग्रजांचं राज्य होतं, सोलापुरात आपला एकच हातमाग होता, आणि मी सतरा वर्षांची. दोन दिवस अडले होते. सुईणीनं हात टेकले. शेवटी पोर वाचली, मीही वाचले, सगळ्यांनी हुश्श केलं. पण दोन महिने उलटले तरी माझं शरीर माझ्या ताब्यात येईना. कळ आली की परसात पोचायच्या आत लुगडं खराब. कधी तर कळही यायची नाही, झाल्यावरच कळायचं. मला वाटायचं, जगात हे माझ्या एकटीचंच झालंय. जगायची लाज वाटायची हो. मागासाठी रहाटावर सुताच्या कांड्या भरायला बसले, तरी वास येतोय का, याकडंच सगळं ध्यान. विहिरीवर बायकांबरोबर जाणं सोडलं, हळदीकुंकू सोडलं. भाऊ जेऊरहून मुराळी म्हणून माहेरी न्यायला आला, तर आगगाडीत काही झालं तर, या भीतीनं त्याला एकट्यालाच परत पाठवला. आईसाठी जीव तुटत होता, आणि मी दाराआडून त्याची पाठ बघत उभी होते.

मग मला अक्कल सुचली ती ही, की पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार? नुसतं जेवत नाही म्हटलं असतं तर तुम्ही सोडलं असतं होय? म्हणून सोमवार धरला. मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार. उपास धरणाऱ्या बाईला आपल्याकडं कोण का म्हणून विचारतंय! उलट आळीत कौतुक सुरू झालं. एकीनं तर लेकीचं लग्न कधी जमेल ते मला विचारलं, जशी काही मी देवाच्या घरची कारभारीण. आणि इकडं माझं दूध आटत चाललं होतं. पोर रडून रडून दमायची आणि तशीच झोपायची. तिच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली होती.

मंगळवारही धरते म्हणाले, तेव्हा तुम्ही चुलीपुढून उठलात. तव्यावरची भाकरी करपली, तिकडं बघितलंही नाहीत.

"देवाला सांग, सासू न्हाय म्हनली. पोरीचं दूद तोडून कसला गं उपास? खरं काय हाय ते बोल."

मी नुसती रडत सुटले. तुम्ही दोरीवर वाळणाऱ्या लुगड्याकडं बघितलंत. सकाळपासूनचं ते तिसरं होतं. मग जाऊन दार लोटून घेतलंत.

"येडे, मला तुझ्या नवऱ्याच्या वक्ताला ह्येच झालं. ईस वर्सं झाली की."

माझा विश्वासच बसेना. बाजारात सगळ्यांशी हसून-भांडून येणाऱ्या तुम्ही! मग पेटीतून जुनेराच्या मऊ घड्या काढून माझ्या मांडीवर ठेवल्यात. "आनि तू एकटी न्हाईस. हळदीकुंकवाला चल. दाराजवळ कोन कोन बसतंय ते बघ."

गेले. उंबऱ्याशी पाच जणी होत्या. त्यांतल्या एकीला मी लई शिष्ट समजत होते, कितीही बोलावलं तरी आत येत नाही म्हणून. तुम्ही त्यांच्यातच बसलात. त्या शिष्ट बाईनं गुडघा सरकवून मला जागा केली.

त्यानंतर रोज तुम्ही मला पोटभर वाढायचात. "जेवल्यावर परसात जाऊन निवांत बस, घाई करू नगंस." रहाटावर बसले की, "धा फेरं आतनं आवळून धर, धा फेरं सोड." पुरतं बरं कधीच झालं नाही, पण मी माणसांत आले. पोर बाळसं धरू लागली. पुढच्या दिवाळीला तिला मांडीवर घेऊन आगगाडीनं जेऊरला गेले, भावाला ओवाळलं. आत्याबाई, जन्म आईनं दिला, पण पुढं जगले ती तुमच्यामुळं. हे तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही.

आता आजचं सांगते. उपासांचं माझं नाव आळीत अजून आहे. ते मी कधी पुसलं नाही. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आज ती शेजारची पोर वाकली आणि म्हणाली, "आजी, मीबी तुमच्यावानी सोमवार, गुरुवार, शुक्रवार धरलेत." तिचं तोंड सुकलेलं, काखेतलं बाळ किरकिरतंय. मला सगळं कळलं. आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून 'सुखी राहा' म्हणाले. दुसरं काही नाही.

हे लिहायच्या आधीच एक जुनं लुगडं फाडून घड्या करून ठेवल्यात. दोन भाकरीही थापून चुलीच्या उबेला ठेवल्यात. पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवते आणि भाकरी गरम आहे तोवर तिच्याकडं जाते. बोलायला कुठून सुरुवात करायची, ते मला अजून सुचलेलं नाही. आधी दार तेवढं लोटून घेईन.