रुमाल टाकलेली जागा

३ जानेवारी २०००

ललिता रंगनाथ गद्रे, तुझ्या माघारी आज प्रथमच मी प्रसन्न मनाने उठलो, हे तुला कळवणे माझे कर्तव्य समजतो. शनिवार पेठेतील घर बंद करून आकुर्डीच्या पुढील या लहानशा थांब्यावर तिकीटविक्रीचे काम स्वीकारले आहे. राहण्याची सोय तिकीटखिडकीमागेच आहे. खोलीत उजेड पुष्कळ येतो. आधीचे एजंट सर्जेराव किल्ल्या देताना म्हणाले, गद्रेसाहेब, आपण घाई करू नका, त्यासाठी गिऱ्हाईक आहे. पुणे-लोणावळा लोकल थांबली की संगणकाच्या कंपन्यांतील मुलामुलींनी फलाट भरून जातो. तुला ही वर्दळ आवडली असती.

१० जानेवारी

आज एक अनुचित गोष्ट केली. तुझे नाव पुन्हा एकदा लिहावे, एवढ्याच मोहापायी तुझ्या नावाचा मासिक पास काढला. शिवाजीनगर ते येथपर्यंत; मुदत ९ फेब्रुवारी. तो तुझ्या तसबिरीपुढे ठेवला आहे.

२४ जानेवारी

पास तसबिरीपुढे नाही.

संध्याकाळच्या लोकलने कामावरून परतणारी नम्रता खिडकीशी थांबली. तुझ्याविषयी मी तिला कधी काही सांगितलेले नाही. म्हणाली, "काका, काकू आमच्याच लेडीज डब्यात असतात. टीसीने पास बघितला तेव्हा नाव कळलं. केस पुसून निघत जा म्हणावं, सगळी सीट ओली होते." हिरवी साडी, कपाळभर मळवट. लग्नाला निघालात का, असे विचारले तर बोलत नाहीत. दापोडीला उतरल्या.

तुला शेवटची आंघोळ घालून हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, तेव्हा मी तेथेच उभा होतो. तुझे केस ओलेच होते.

१ फेब्रुवारी

काल पिंपरी. आज चिंचवड. पासावर मधल्या कोणत्याही स्थानकावर उतरता येते. लोकांना हे मीच सांगत असतो.

तू शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवतेस, कोणाला बसू देत नाहीस, असे नम्रता हसत सांगत होती. आज पहिल्यांदा बोललीस म्हणे — आमचे हे यायचे आहेत.

पांढरा रुमाल, कोपऱ्यात निळा 'र'. तो मीच तुझ्या मुठीत ठेवला होता. तुझ्याबरोबर जळाला.

७ फेब्रुवारी

आकुर्डी. यानंतर हेच स्थानक.

ललिता, मला अजून जगायचे आहे. लिहिताना लाज वाटते, पण —

९ फेब्रुवारी

काल गाडीच्या वेळी खिडकी लावून घेतली होती. मुदत आज संपते. आजचा दिवस निभावला की —

कोठे पळणार? "अहो" म्हणालीस की मी उठेन. आयुष्यभर उठत आलो. म्हणून सर्जेरावांना बोलावले, मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायला सांगितले. म्हणाले, चोराला कोंडतात साहेब, मालकाला नाही. तरी लावले.

गाडी आली. गेली. हाक नाही.

नम्रता खिडकीच्या गजांतून म्हणाली, "आज काकू नव्हत्या. कालच इथे उतरल्या ना?"

शेजारच्या खुर्चीवर रुमाल. ओला.

सर्जेराव केव्हाच गेले. दाराला बाहेरून कुलूप आहे, किल्ल्या त्यांना परत केल्या आहेत, आणि —