रविवारी मी ते वाक्य म्हणणार नाही

प्रिय हर्षाली,

तुझा व्हॉइस मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला. रविवारी मंचरच्या ध्यानशिबिरात मी यावं, रेडिओ दुर्बिणीवर काम करणारी इंजिनिअर म्हणून तुमचे गुरुजी माझी ओळख करून देतील, आणि मी एकच वाक्य म्हणावं: एकदा जोडलेले दोन जीव मरणानंतरही जोडलेले राहतात, हे क्वांटम विज्ञानाने सिद्ध केलं आहे. तुझा भाऊ सूरज गेल्यापासून तुझ्या आईला, साळुकाकूंना धड झोप नाही; माझ्या तोंडून एवढं ऐकलं तर त्या शांत होतील. "एक वाक्य तर आहे अर्शे, तुझं काय जातंय?" असं तू म्हणालीस. मी ते म्हणणार नाही. रागावण्याआधी पुढचं वाच.

क्वांटममधले जोडलेले कण खरे आहेत, तेवढं गुरुजी बरोबर सांगतात. पण ते जपावे लागतात, गारठ्यात, सगळ्यांपासून तोडून. जरा धक्का लागला की ती जोड विस्कटते. माणूस उबदार, ओला, सतत हलणारा. त्याच्यात असं काही आयुष्यभर टिकतं, याचा पुरावा माझ्याकडे नाही. जाणीव म्हणजे काय, हेही कोणाला नीट माहीत नाही. "माहीत नाही" एवढं मी स्टेजवरून सांगेन, पण त्यासाठी तुम्ही मला बोलावलेलं नाही.

काकूंनी मला एकदा विचारलंच होतं. सूरजच्या दहाव्यानंतर मी वारूळवाडीला तुमच्या घरी आले, तेव्हा त्या लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, तुमची ती थाळी लई लांबचं ऐकती म्हनं. माझ्या सूरजचं काय येतंय का गं ऐकू?" मी म्हणाले, नाही काकू, ती फक्त आकाशातलं ऐकते. "मंग एवढी मोठी कशापायी बांधली?" म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मला हसता आलं नाही. चहा पिऊन मी लगेच उठून निघाले.

सूरज असता तर त्याने तुझीच बाजू घेतली असती. आठवतं, आपण तिघं लेण्याद्रीला गेलो होतो? चैत्यगृहात त्याने ओंकार लावला, आवाज दगडातून फिरून परत येत राहिला, आणि मी मोबाइल काढून कंपनं मोजायला लागले. "लई मोजतीस राव! मोजून झालं की जरा ऐक," असं तो म्हणाला होता, आणि तू हसून खांबाला टेकली होतीस. त्याचं म्हणणं, लेणी कोरणाऱ्या त्या भिक्षूंना हे सगळं आधीच कळलं होतं. माझं म्हणणं, त्यांना आवाज कळला होता, भौतिकशास्त्र नाही. हा वाद आम्ही पुढे कितीतरी वेळा तिथेच बसून घातला. गुरुवारी अब्बा दर्ग्यात जिक्रला, अल्लाच्या नामस्मरणाला बसायचे, तेव्हा जुन्नरला आलेला असला की तोही बाहेरच्या पायरीवर डोळे मिटून ऐकायचा. अब्बा म्हणायचे, "पोरगा बोलतो फार, पण ऐकतो चांगलं." मी कधीच डोळे मिटून बसले नाही. बसायला हवं होतं. निदान त्याच्या शेजारी.

आता ते सांगते, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. मंचरजवळ हायवेवर त्याची पिकअप ट्रकवर आदळली, तेव्हा मी अँटेनाखाली सोल्डरिंग करत होते. दुर्बिणीजवळ मोबाइल बंद ठेवावा लागतो. माझा हात थरथरला नाही. छातीत काही झालं नाही. उलट मी गुणगुणत होते, टाके सुरेख बसत होते. गेटबाहेर येऊन मोबाइल लावला, तेव्हा कळलं. हर्षाली, मी आणि सूरज लग्न करणार होतो. दिवाळीनंतर दोन्ही घरी सांगायचं ठरलं होतं. मला त्या क्षणी काहीच कळलं नाही; तरी जोडलेले जीव मरणानंतरही जोडलेले राहतात असं मी रविवारी म्हटलं, तर त्याचा अर्थ एवढाच उरतो की आम्ही जोडलेले नव्हतो. ते माझ्याकडून म्हणवून घेऊ नकोस. शिबिरात न सांगितलेली एक गोष्ट मात्र खरी आहे. जोडीतल्या एकट्या कणाकडे कितीही पाहिलं, तरी दुसऱ्याचं काय झालं हे त्यावरून कळत नाही. दोघांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या, तरच नातं दिसतं. म्हणून मी मंचरला येणार नाही, त्याऐवजी शनिवारी वारूळवाडीला येईन. काकूंना ठाऊक नसलेला सूरज माझ्याकडे आहे आणि मला ठाऊक नसलेला त्यांच्याकडे. लग्नाचं ऐकून त्यांना शिव्या द्यायच्या असतील तर देऊ देत, मी ओट्यावर बसेन. तू फक्त त्यांना सांगून ठेव की अर्शिया येतेय, आणि या वेळी ती लवकर उठणार नाही.

तुझी मैत्रीण, आणि जे नातं सांगायचं राहून गेलं त्यानेही तुझीच,
अर्शिया