थोरली, मधली आणि धाकटी

सोमवार, ३ मार्च

झालं! पडलं गळ्यात. फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या तीन लायब्रऱ्या, म्हणजे आयत्या कोडचे संच, तपासून एक निवडायची. तिन्ही फुकट, तिन्हींचा कोड सगळ्यांना खुला. आमचं बसच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर आता त्या पद्धतीने लिहायचंय. एका फेरीची वेळ बदलली की भलत्याच फेरीची बिघडते — सगळे वैतागलेत. नवी रीत ऐकायला सोपी: मूळ यादीला हात लावायचा नाही, बदल हवा तर नवी यादी करायची.

मॅडम जाता जाता म्हणाल्या, "शिकायला काय काय मिळतं तेही बघ. ज्याला जमेल तो टीममध्ये राहील." टोमणा कुणाला होता ते सगळ्यांना कळलं. मास्तर चष्मा पुसत बसले.

मंगळवार, ४ मार्च

लायब्रऱ्यांची नावं लक्षात राहीनात, म्हणून मीच ठेवली — थोरली, मधली, धाकटी.

थोरलीचा बोलबाला फार, कामही चोख. पण तिचं पुस्तक! पहिल्याच पानावर व्याख्यांचा मारा. मधली वेगाने पळते, पण शिकवणीच्या अर्ध्या पानांवर नुसतं 'हा भाग लवकरच'. ते लवकर तीन वर्षांत उगवलेलं नाही. मधली बाद. धाकटी लहानशी, फारशी कुणाला माहीत नाही. पण आधी धडा, मग उदाहरण, आणि चुकलं तर नेमकं कुठे चुकलं ते न रागावता सांगते.

गुरुवार, ६ मार्च

मास्तर हे त्यांचं टोपणनाव, ऑफिसात सगळ्यांना त्यांनीच शिकवलंय म्हणून. वय सत्तावन्न. मी इथे लागले तेव्हा मला ओ का ठो कळत नव्हतं. बोट धरून शिकवलं. एकदाही "एवढंही येत नाही?" म्हणाले नाहीत.

त्यांना जाऊ द्यायचं नाही! धाकटीच निवडून आणायची, तीही पुराव्यासकट. युक्ती सुचली आहे — थोरलीचे आणि धाकटीचे पहिले तीन-तीन धडे आम्ही तिघांनी करायचे. मी, मास्तर आणि चिमणी (नवी मुलगी, दिवसभर चिवचिव). कुणाला किती वेळ लागला ते मी टिपणार.

मंगळवार, ११ मार्च

थोरली संपली एकदाची. चिमणी दीड तासात मोकळी. मला तीन तास. मास्तर तिसऱ्या धड्यात अडकले ते अडकलेच. हात सवयीने जुन्या यादीकडेच जातो. "अगं, यादी समोर आहे, एक आकडा बदलायचा, त्यासाठी अख्खी नवी कशाला?" काल सुटला नाही, आज दुपारी सुटला. त्या एका धड्याला चार तास.

त्यांचा चेहरा उतरला होता आणि मी मनात खूश! हेच तर दाखवायचं होतं.

गुरुवार, १३ मार्च

धाकटी! मास्तर तिन्ही धडे पन्नास मिनिटांत! शेवटचं उदाहरण सुटलं तेव्हा टेबलावर थाप मारली — "अस्सं होय! हे आधी का नाही सांगितलं कुणी?" चिमणीला चाळीस मिनिटं. दहाच मिनिटांचा फरक! मी घरी येताना चक्क गुणगुणत आले. नवरा म्हणाला, "पगार वाढला का?"

शुक्रवार, १४ मार्च

अहवाल दिला. शेवटी तक्ता — नावं, धडे, वेळा.

बुधवार, १९ मार्च

मॅडमनी बोलावलं. "अहवाल उत्तम. आपण थोरली घेतोय." (माझी नावं त्यांच्याही तोंडी बसली.) "ती सगळीकडे चालते, उद्या माणसं मिळायला बरी."

म्हटलं, "पण मॅडम, शिकायला ती किती अवघड आहे — तक्ता बघा ना."

"बघितला ना. तोच सगळ्यात उपयोगी पडला. कुणाला ठेवायचं हा घोळ मिटला."

मी पुस्तकांची परीक्षा घेतली होती, माणसांची नाही! तेच सांगायला जेवणानंतर पुन्हा गेले. धाकटीचा रकाना बोट ठेवून दाखवला. "निर्णय झालाय," म्हणाल्या. नावांच्या जागी क, ख, ग लिहायला काय धाड भरली होती मला? स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. मास्तरांना अजून काही माहीत नाही. चहाला मी त्यांच्याबरोबरच बसले.

शुक्रवार, २१ मार्च

मास्तरांना पत्र मिळालं. महिनाअखेरपर्यंतच. मागे माझा तक्ता जोडलेला. तो घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी उठून उभी राहिले.

"एक चूक राहिली बघ," म्हणाले. "तिसऱ्या धड्याला चार नाही, सहा तास. दोन तास घरी बसलो होतो, तुला सांगितलं नव्हतं."