मापाचं रक्त

६ जानेवारी
शहाडला येऊन दोनच दिवस झालेत आणि मी चक्क खुशीत आहे. खाली प्रयोगशाळा, वर राहायला दोन खोल्या. जिना उतरला की कामावर हजर. माझी मुलगी उर्वी सहा वर्षांची, पण शाळेतून आली की इमारतभर तिचंच राज्य. किरणोत्सर्ग अंगावर पडला की रक्तातली काही जनुकं जागी होतात. थेंबभर रक्तावरून ते ओळखायची चाचणी आम्ही तयार करतोय. तुलनेसाठी निरोगी रक्त लागतं, ते इथली माणसंच देतात. आमचे प्रमुख सलिल सर म्हणाले की बाहेरच्यांची मनधरणी कोण करणार, आपलंच रक्त, आपलंच माप. सगळ्यांनी हात पुढे केले, मीही केला. नंतर उपमा मिळाला, बरा होता.

९ जानेवारी
माझं रक्त जुळत नाही. बाकी सगळ्यांचं एका रेषेत, माझं भलतीकडेच. हेमाताई इथल्या सगळ्यात जुन्या. त्या म्हणाल्या की डोंबिवलीचं पाणी मुरलंय अंगात, शहाडचं मानवेल हळूहळू. मी हसले, पण मनातून राग आला. एवढी वर्षं हेच काम करतेय मी.

३ फेब्रुवारी
आज जुळलं, अगदी रेषेत. हेमाताईंनी पेढे वाटले, आता तू आमच्यातली झालीस म्हणाल्या. पेढा खाल्ला आणि फ्रीजरमधला माझा पहिला नमुना काढून पुन्हा लावला. तो अजूनही भलतीकडेच. म्हणजे यंत्र ठीक आहे. महिन्याभरात मीच बदललेय.

५ फेब्रुवारी
माझा भाऊ मयूर डोंबिवलीहून आला, त्याचं रक्त लावलं. माझ्या त्या पहिल्या नमुन्याशी जुळतं, इथल्या कुणाशीच नाही. ज्यांना निरोगी धरून माप ठरवलं, त्यांनाच — किरणोत्सर्ग इथेच आहे, या इमारतीत कुठेतरी. मला भीती वाटतेय. सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले की सगळ्यांचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, बाहेरच्या एका नमुन्यावरून गोंधळ घालू नकोस.

६ फेब्रुवारी, सकाळ
उर्वीचं रक्त लावलं. जुळू नको, जुळू नको म्हणत बसले होते. ते रेषेच्याही पुढे गेलंय. माझ्यापेक्षा, सगळ्यांपेक्षा — ही पोर खेळते तरी कुठे?

दुपार
मयूर पाइपांचे एक्स-रे काढणाऱ्या कंपनीत आहे, तिथला किरणोत्सर्ग मोजायचा मीटर घेऊन आलाय. बॅग भरली. उर्वीला घ्यायचं आणि निघायचं. शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि पळाली —

सापडत नाही. हेमाताई म्हणतात, लपली असेल, रोजचंच आहे, तिची एक खास जागा आहे, कुणालाच माहीत नाही —

खालच्या बोळात. मयूर पुढे. मीटर टकटकतोय, थांबतच नाही. उर्वीला हाका मारल्या, हरले म्हणून सांगितलं —

हसतेय. ऐकू येतंय. मीटर पण त्याच बाजूला —